मंजुळाबाईंचे डोनट

थंडीच्या दिवसांत मंजुळाबाई मळलेल्या मैद्याचं पातेलं कापसाच्या ढिगात पुरून ठेवायच्या. आमच्या बेला गावाकडे, आदिलाबादजवळ, दिवाळीनंतर वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच पडून असतो. बसायच्या खोलीत कापूस आणि माणसं ओसरीवर, अशी दोन-तीन महिने घराघराची गत. बाईंच्या पुढच्या खोलीत त्यांच्या भावाचा कापूस रचलेला असायचा. त्यात कोपरापर्यंत हात घालून त्या खड्डा करायच्या, ओल्या फडक्यानं झाकलेलं पातेलं आत बसवायच्या आणि वरून पुन्हा कापूस ओढून घ्यायच्या. मग दार लोटून म्हणायच्या, "आता कोनी गडबड करू नका. निजलं हाय ते." दीड तासानं पातेलं बाहेर निघायचं तेव्हा पीठ फडक्याला येऊन टेकलेलं असायचं.

आमच्या मराठी शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. सोळा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या. त्यांचे वडील इथली शेतमजुरी सोडून बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत लागले होते, त्यामुळे बाईंचं लहानपण खाणीच्या क्वार्टरमध्ये गेलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये ग्रेसअक्का नावाची नर्स राहायची. नाताळात ती डोनट तळायची आणि सगळ्या रांगेला वाटायची. बाई ते तिच्याकडे शिकल्या आणि तिचा एक तेलुगू शब्दही उचलून घेऊन आल्या, 'निदानंगा'. म्हणजे सावकाश, घाई न करता. पीठ मळताना निदानंगा, तळताना निदानंगा, आणि फळ्यावर त्रैराशिक मांडणाऱ्या मुलीलाही निदानंगा. आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांना दुसरं काही तेलुगू आलं नसेल, हा शब्द नक्की आला.

डोनट म्हणजे बेकरीच्या काचेमागे दिसणारी वस्तू, ती घरी होते हे आम्हाला बाईंमुळे कळलं. दाणेदार यीस्ट त्या आदिलाबादहून आणायच्या; म्हणायच्या मात्र खमीरच. दूध कोमट झालं की त्यात करंगळी बुडवून बघायच्या. "मले चटका बसला त खमीर मरते. मले थंड लागलं त ते उठत नाई. माह्या बोटाले बरं वाटलं पायजे, मंग त्याले बरं वाटते." दुधात साखर आणि खमीर घालून दहा मिनिटं थांबायचं. फेस आला तर पुढे जायचं, नाहीतर दूध सरळ मोरीत. मैदा, अंडं, लोणी, चिमूटभर मीठ एकत्र करून त्या इतकं मळायच्या की परातीला एक कण चिकटू नये. फुगलेलं पीठ लाटून स्टीलच्या पेल्यानं गोल कापायचे, मधलं भोक औषधाच्या बाटलीच्या टोपणानं पाडायचं. कापलेले गोल आणखी अर्धा तास झाकून ठेवायचे आणि मग मध्यम आचेवर तळायचे. तळून निघालेल्या डोनटच्या कमरेला फिकट पांढरा पट्टा दिसला पाहिजे. तो दिसला की पीठ नीट फुगलं होतं असं समजायचं. पट्टा नसलेला डोनट त्या कुणाला देत नसत. शेवटी पिठीसाखरेत घोळायचे. भोकांतून निघालेल्या गोळ्या वेगळ्या तळून वर्गातल्या पोरांना. पोरं त्या जागच्या जागी फस्त करत.

हे सगळं मला इतकं तपशिलानं माहीत आहे, कारण मी ते त्यांच्या घरी उभं राहून शिकले. बाईंनीच बोलावलं होतं. नवरा लवकर गेलेला, मूल नाही, भाऊ-भावजय शेजारच्या घरात. माणसाची त्यांना हौस होती. मी वहीत सगळं लिहून घेतलं. पहिला घाणा निघाला. बाईंनी स्वच्छ ताटलीत दोन डोनट ठेवून ताटली माझ्यासमोर धरली. मी म्हणाले, "अगं बाई, आज माही चतुर्थी."

त्या दिवशी चतुर्थी नव्हती. बाई बौद्ध, त्यांच्या घरी उपासतापास नाहीत, तिथी त्यांच्या ध्यानात नसणार हे मला ठाऊक होतं. आम्ही कुणबी. त्यांच्या वस्तीतलं शिजलेलं आमच्या घरात चालत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी मोठ्यानं बोलतही नसे, आणि म्हणूनच ते घट्ट होतं. जयंतीला मी शाळेत समतेवर भाषण करायची, चांगलं करायची, लोक टाळ्या वाजवायचे. बाई पुढच्या रांगेत बसून ऐकायच्या आणि मी खाली उतरल्यावर म्हणायच्या, "भाषण झालं. आता खाऊन जा." त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "खाल्लं ते खरं. बाकी सारं बोलनं." मी हसायची. माझ्याबद्दलच बोलून राहिल्या आहेत, असं मला कधी वाटलं नाही. माणूस स्वतःला फार सवलती देतो.

"चतुर्थी हाय त घरी न्या," बाई म्हणाल्या आणि डबा भरून दिला. तिथून डब्याची रीत सुरू झाली. महिन्यातून एकदा तरी शाळेत सकाळी माझ्या हातात स्टीलचा डबा यायचा. "घरी नेते, सगळे मिळून खातो," मी म्हणायची. स्टाफरूममधले इतरही कागदात बांधून 'घरी' न्यायचे. त्यांचं पुढे काय व्हायचं मला माहीत नाही. माझ्या डब्याचं सांगते. सासूबाई डब्याला हात न लावता वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अन्न फेकू नाई, पाप लागते. म्हशीले घाल." मी गोठ्यात जाऊन ते गव्हाणीत टाकायची. पापाची काळजी अशी घेतली जायची.

सासूबाईंचं नाव मी पुढे करते आहे, कारण ते सोपं आहे.

रिकामा डबा परत देऊ नये, म्हणून मी त्यात तुरीची डाळ, नाहीतर मूठभर तीळ घालून पाठवायची. आणि सोबत खोटं बोलायची: आज मऊ झाले होते, आज सगळ्यांना पुरले नाहीत. बाई लक्ष देऊन ऐकायच्या, पट्टा नीट होता का विचारायच्या. सगळ्यात लाजेची गोष्ट पुढेच आहे. वहीत बघून मी तेच डोनट आमच्या चुलीवर करायला लागले. तीच करंगळी, तेच टोपण, तोच कापसाचा ढीग, फक्त आमचा. सासूबाईंनी एका बैठकीत दोन खाल्ले आणि शेजारणीला सांगितलं, "सुनेच्या हाताले चव हाय माह्या." मी ते ऐकून घेतलं. कुणाचा हात, हे सांगितलं नाही.

असं तीन वर्षं चाललं. मग एका सकाळी बाईंनी घाईघाईत डबा दिला. शाळेत तपासणी होती, पहाटे उठून तळले होते, स्वतः चाखायला वेळ मिळाला नव्हता. तसंही त्या सगळ्यांचं झाल्यावर शेवटी खाणाऱ्या. मी संध्याकाळी डबा नेहमीसारखा गोठ्यात रिकामा केला. म्हशीनं त्या दिवशी गव्हाण चाटून चाटून लख्ख केली, ते बघून मला जरा गंमतच वाटली.

सातच्या सुमारास बाईंचा फोन आला. "सुनंदाताई," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांना पुढे बोलू न देता मी सुरू झाले, कारण तीन वर्षांत तोंडाला सवय झाली होती. "बाई, आजचे त सगळ्यात गोड झाले होते. सासूबाईनं दोन खाल्ले. म्हनल्या, असे रोज भेटले पायजे."

  मग बाई म्हणाल्या, "बरं झालं. आवडले ना." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात पोसक्का भेटली. ती शाळेत झाडायचं आणि पाणी भरायचं काम करते. बाई तिलाही डोनट द्यायच्या आणि ती खायची. मला बघून ती हसायला लागली. "काल मॅडमनं डोनटाले मीठ लावलं ना वो! त्याईच्या भावजयीनं लोनच्यासाठी मीठ दळून पिठीसाखरेच्याच डब्यात ठेवलं होतं म्हने. एक खाल्लं अन् तांब्याभर पानी पेली मी. सांजेले मॅडम स्वतः आल्या घरी, म्हनल्या, फेकून दे, सुनंदाताईले बी फोन करून सांगतो."

मी स्टाफरूमकडे चालायला लागले. पोसक्का अजून हसून राहिली होती.

स्टाफरूममध्ये बाई नेहमीच्या खुर्चीवर होत्या, वह्या तपासत होत्या. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. आत तुरीची डाळ होती, घरून निघतानाच भरलेली. बाईंनी झाकण काढलं, कालचा पेपर टेबलावर पसरला, त्यावर डाळ ओतली, पेपरचे चार कोपरे नीट दुमडून पुडी केली आणि ती माझ्याकडे सरकवली. "डबा रिकामाच बरा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "का वो ताई, सातवीचा तास तुमचा हाय ना आता?" मी तासावर गेले. काय शिकवलं, आठवत नाही.

त्यानंतर त्यांनी मला डबा दिला नाही. माझ्याशी बोलणं सोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं, रडता आलं असतं. पण त्या बोलत होत्या, रजेच्या अर्जावर बदली शिक्षिका म्हणून सही द्यायच्या, माझ्या मुलीच्या गणिताची चौकशी करायच्या. फक्त 'खाऊन जा' म्हणायचं त्यांनी कायमचं थांबवलं. मी रोज ठरवायची, आज माफी मागू. पण माफी मागायची तर गव्हाणीचं सांगावं लागणार होतं, आणि ते शब्द तोंडातून निघत नव्हते. दोन वर्षं गेली. त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण मीच केलं. या वेळी मी खाली उतरल्यावर त्या काही म्हणाल्या नाहीत.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई वारल्या. दिवाळीनंतर एका दुपारी मी मनाचा हिय्या करून बाईंच्या घरी गेले. दारातूनच तळणाचा वास आला. पुढच्या खोलीत कापसाचा ढीग होता, त्याला टेकून वस्तीतल्या चार बाया बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात गरम डोनट होते. बाई बऱ्याच वाळल्या होत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, मुलीची, घराची विचारपूस केली. मग भाचीला हाक मारून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरगी कोपऱ्यावरच्या दुकानात पळाली आणि बिस्किटांचा पुडा आणि पाण्याची बाटली घेऊन आली. बाईंनी दोन्ही माझ्यासमोर स्टुलावर ठेवलं. पुडा फोडलेला नव्हता. बाटलीच्या झाकणाचं सील तसंच होतं.

"दुकानातलं हाय," बाई म्हणाल्या. "तुमाले चालते."

त्यात टोमणा नव्हता. पाहुण्याला काय चालतं ते बघून द्यावं, तसं त्यांनी दिलं होतं. मी म्हणाले, "बाई, मले ते गरम द्या ना. मी खायालेच आली. आता सासूबाई बी नाईत."

 बाई हातातला झारा खाली ठेवून माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "शाळेपासून तुमच्या घरापर्यंत दोन किलोमीटर हाय, ताई. डबा तुमच्या हातात राहे. त्या रस्त्यानं कोनती सासू होती?"

मग त्या आत गेल्या, कारण कढईत घाणा होता. मी पुड्यातलं एक बिस्किट खाल्लं, बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायले आणि सगळ्यांना सांगून निघाले. त्या फाल्गुनातच मंजुळाबाई गेल्या. पोसक्का रडत सांगायला आली होती. मातीला मी गेले, मागे उभी राहिले.

आजही आमच्या घरी थंडीत डोनट होतात. वहीतलं सगळं माझं पाठ झालं आहे. कुणी कौतुक केलं की आता मी बाईंचं नाव सांगते, त्यांच्या करंगळीचं आणि कापसाचं सांगते, लोक ऐकतात. मग कुणीतरी हमखास विचारतं, त्यांचे डोनट तुमच्याहून चांगले व्हायचे का? मला माहीत नाही. मी ते कधी खाल्ले नाहीत.