माफीची ओळ

आम्ही ख्रिस्ती झालो तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. माझ्या धाकट्या भावाने त्या दिवसापासून आमच्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षांनी केनवडच्या बाजारात तो तिला दिसला. पूर्वी याच काकाच्या खांद्यावर बसून ती शेतात जायची. "काका!" म्हणत ती धावली आणि तिने त्याचं धोतर धरलं. त्याने ते सोडवून घेतलं आणि लोकांदेखत झटकलं.

ती तिथे रडली नाही. संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो. आपल्या अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली, तेव्हा मात्र ती गप्प झाली.

"म्हन ना, बाई," मी म्हणालो.

"काहून? तुमी केलं का काकाले माफ?"

"हो, केलं," मी चटकन बोलून गेलो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, डोळे मिटले आणि ती ओळ मनापासून म्हटली. मी मात्र भावाला अजून माफ केलं नव्हतं. तिला प्रार्थना शिकवणारा मीच, आणि तिचा विश्वास त्या दिवशी माझ्या खोट्यावर टेकला होता. तिला खरं सांगायचं धाडस मला पुढेही कधी झालं नाही.