सवालकाकांनी न बदललेलं नाव

शेजारचे सवालकाका गोष्ट कधीच सरळ सांगत नसत. ऐन पेचात थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोर असेल त्याला विचारायचे, "तू असता तं काय केलं असतं?" त्यांच्या कादंबऱ्या जुन्या काळातल्या, पण त्यांतले पेच वर्ध्याच्या भाजीवालीपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना विचारून झालेले असत. कंडक्टर एकदा म्हणाला, "काका, आधी तिकीट घ्या, मंग राजाले वाचवू."

त्यांच्या हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती मी करून देत असे. कॉन्व्हेंट शाळेची सवय, समास आखून, पानांवर आकडे घालून. "तुमच्या वहीत माह्ये दरोडेखोरही आंघोळ करून येतात," असं ते म्हणत.

शेवटच्या कादंबरीत दुष्काळ होता. दाराबाहेर उपाशी बायका, आणि मालकाला शब्द दिला म्हणून गढीची धान्यकोठी न उघडणारा कोठीवाला. बाकी सगळं कल्पित. कोठीवाल्याचं नाव मात्र खरं, काकांच्याच खापरपणजोबांचं. केळझरला त्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी सोबत होते.

"नाव बदलव. कोनाले समजते?"

"मले समजते नं, अक्का. दुसऱ्याच्या आज्याले दारात उभं करनं सोपं असते."

"मंग माह्याशी बोलू नको."

नाव तसंच छापलं गेलं. सहा वर्षं अक्का बोलल्या नाहीत. काका दर रविवारी केळझरला जात. अक्का ताट वाढत, एक भाकरी संपायच्या आत दुसरी टाकत, भाऊबीजेला ओवाळतही. शब्द मात्र नाही. ते परतले की मी विचारायची, "बोलल्या का?"

"आज झुनका लई तिखट होता," ते म्हणायचे. "म्हणजे राग कायम आहे."

गेल्या हिवाळ्यात काका गेले. काही दिवसांनी अक्कांनी मला बोलावलं आणि पुस्तक पुढ्यात ठेवलं. पानं अजून करकरीत होती. "वाचून दाखव," म्हणाल्या.

मी कोठीचं प्रकरण वाचलं. अक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या. खापरपणजोबांचं नाव आलं तेव्हा त्यांनी पदर सारखा केला, घरात कुणी वडीलधारं आल्यासारखा. प्रकरण संपल्यावर त्यांनी विचारलं,

"बाहेर उभ्या होत्या, त्या बायाईची नावं काऊन नाई लिहिली त्यानं?"

सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना भावाला काही विचारायचं होतं. रविवार होता, सवयीनं त्यांनी दोन भाकरी जास्तच टाकल्या होत्या.