परत पाठवलेला सायलेन्सर

सशांच्या बाबतीत एल्स्पेथ रॅट्रेला कुणी शहाणपण शिकवलेलं चालत नसे. सेंट्रल ओटागोच्या त्या कोरड्या खोऱ्यात ससा म्हणजे गोंडस जनावर नव्हे. दहा ससे एका मेंढीचं गवत फस्त करतात, हे तिथलं पोर पाढ्यांच्या आधी शिकतं. खोऱ्याच्या ससे-निर्मूलन समितीची ती एक्केचाळीस वर्षं अध्यक्ष होती. वय सत्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

त्या रविवारी दुपारी सभागृहात ठराव एकच होता. घरांपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत ससे मारायचे, तर बंदुकीला सायलेन्सर हवाच.

ठराव मांडला होता हेमीनं. ससे मारणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. विरोधाला उभी राहिली फिलिपा. ती ऑकलंडहून येऊन दोन वर्षांपूर्वी द्राक्षं लावून बसली होती.

"माझ्या खिडकीबाहेर कुणी गुपचूप गोळ्या झाडणार आणि मला पत्ताही लागणार नाही? सिनेमात खून करायला येणारे लोक लावतात ते."

"बाई, तो सिनेमा काढणाऱ्यानं खरी बंदूक कधी ऐकली नसणार," हेमी म्हणाला. "ह्यानं आवाज जात नाही. किंचाळणारी बंदूक खोकायला लागते, एवढंच. गेल्या महिन्यात आवाजाची तक्रार कुणी केली होती?"

"मीच. माझा कुत्रा पलंगाखाली मुतला."

"मग आता कुत्र्यालाच विचारा."

सभागृह हसलं. अमेरिकेहून आलेला एक जावई मागून म्हणाला, की आमच्याकडे ह्या नळकांड्यासाठी सरकारला बोटांचे ठसे द्यावे लागतात. कुणीतरी म्हणालं, ऑस्ट्रेलियात जवळ सापडला तर खटला होतो. म्हातारा डंकन चीज रोल चावत बोलला, "आणि आपल्याकडे तो दुकानात मिळतो, तरी खोऱ्यात कुणाची लावायची छाती नव्हती. एल्स्पेथच्या भीतीनं."

पुन्हा हसू. एल्स्पेथ हसली नाही.

डंकन म्हणत होता ते खरंच होतं. त्या खोऱ्यात बार ऐकून माणूस ओळखत. हा एल्स्पेथच्या नवऱ्याचा, हा खालच्या कुरणातल्या डंकनचा, हा कुणाचाच नाही म्हणजे चोराचा. एका हिवाळ्यात सायलेन्सर लावलेल्या बंदुकीनं चोरांनी एल्स्पेथच्या अकरा गाभण मेंढ्या मारून नेल्या आणि घरात कुणाची झोपही मोडली नाही. तेव्हापासून तिचा एकच मंत्र होता. ज्याला लपायचं नाही, त्याच्या बंदुकीला आवाज असतो. सभेत ती हे वाक्य असं काही फेकायची, की समोरचा आपोआप खाली बसे.

वॉटी, तिचा नवरा, ससे मारायला जायचा तेव्हा गाडी मोरॅग चालवायची. त्यांची एकुलती लेक, वय वर्षं दहा. तिथं त्यात नवल नव्हतं. कुरणात पोरं पाय पोचले की गाडी चालवतात. वॉटी मागच्या हौद्यात उभा राहून टपावर बंदूक टेकवायचा. बापाचा "थांब" ऐकू यावा म्हणून पोरीच्या बाजूची काच उघडी असे, आणि नळीचं तोंड बरोबर त्या काचेच्या वर. सकाळभरात साठ-सत्तर बार. असे सहा हिवाळे.

बाराव्या वर्षी पोर म्हणाली, "आई, उजव्या कानात रातकिडे ओरडतात."

"कामाच्या दिवशीच बरे ओरडतात," एल्स्पेथ म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वॉटीनं गावातून सायलेन्सर आणला, तेलकट कागदात गुंडाळलेला. एल्स्पेथनं तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाहिला आणि तिचं डोकं फिरलं. अध्यक्षबाईच्या घरात चोरांचं हत्यार? लोक काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी ती स्वतः दुकानात गेली आणि चार लोकांसमोर तो परत करून आली. मोरॅग आणखी चार हिवाळे गाडी चालवत राहिली.

सतराव्या वर्षी पोरीचा उजवा कान पार गेलाय, हे कळलं. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी काही झालं होतं का? एल्स्पेथच्या तोंडून फट्कन निघालं, "सहाव्या वर्षी गालगुंड." गालगुंड झालं होतंच. त्यानं एखादा कान जातोही. डॉक्टरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. वॉटी शेजारच्या खुर्चीत टोपी फिरवत बसला होता. पुढं मरेपर्यंत त्यानं तो विषय काढला नाही. उघड खोटं निस्तरता येतं हो. अर्धं खरं असलं की ते घरातच मुक्काम ठोकतं.

सभागृहात फिलिपा अजून उभीच होती. "आवाजानं खरंच एवढं नुकसान होतं का? की नुसता बाऊ?"

हेमीनं मोरॅगकडे पाहिलं. ती आता एक्कावन्न वर्षांची, जिल्ह्याची आरोग्यसेविका. "मोरॅग, तू सांग. तुझं काम आहे ते."

"होतं ना," मोरॅग म्हणाली. "पण मला विचारू नका. माझा कान गालगुंडानं गेलाय. शाळाशाळांत हाच कान दाखवून मी पोरांना लस टोचते. माझ्यासारखी जाहिरात नाही मिळायची."

सगळे हसले. मोरॅगही हसली. एल्स्पेथनं समोरचे कागद उगाच एकसारखे केले. इथंच सांगावं, असं एकदा मनात आलं. मग तिला डंकनचं तोंड दिसलं, तिचं स्वतःचं वाक्य आठवलं, आणि तिनं मतं मोजायला घेतली. ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हणताना तिचाही हात वर गेला. डंकनचा चीज रोल तोंडाशीच थांबला.

परतताना गाडी एल्स्पेथ चालवत होती. मोरॅग डावीकडे, म्हणजे मेलेला कान आईकडे.

"आज सूर्य कुठून उगवला?" मोरॅग म्हणाली. "तू आणि सायलेन्सरच्या बाजूनं?"

"तुझा कान गालगुंडानं गेला नाही," एल्स्पेथ रस्त्याकडे बघत म्हणाली.

"काय?"

आपण हे बहिऱ्या कानात बोललो, ते तिला ऐकू जाऊ नये म्हणूनच, हे एल्स्पेथला त्या क्षणी कळलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली. "काही नाही" म्हटलं असतं तर गाडी सरळ घरी पोचली असती. तिनं ती कडेला घेतली. गुडघे धरत उतरली, पुढून वळसा घालून पलीकडे गेली आणि काचेवर टकटक केली. मोरॅगनं काच खाली केली.

मग एल्स्पेथनं सगळं सांगितलं. टप, उघडी काच, रातकिडे, तेलकट कागद, दुकान, डॉक्टर. रडली नाही, सारवासारव केली नाही. मध्ये एक मेंढ्यांचा ट्रक गेला, तेवढी थांबली.

मोरॅग म्हणाली, "बाबांना कळलं होतं."

"हो. त्यानं आणला होता. मी परत केला."

"आणि आजही, तिथं, सगळ्यांसमोर, मी लसीचं बोलले तेव्हा तू कागद नीट करत होतीस."

"हो."

"लस खरीच आहे, आई. लस मी टोचतच राहीन. पण ह्या कानाचं आता काय सांगू पोरांना?"

आयुष्यात पहिल्यांदा एल्स्पेथनं उत्तर बनवलं नाही.

"बस गाडीत," मोरॅग म्हणाली. "उद्या दवाखान्यात फोन तू करायचास. कागदावर तुझ्या तोंडचं आहे, तुझ्याच तोंडानं बदल. आणि पुढच्या सभेत डंकनसमोर. मी येईन, पण तुझ्या शेजारी बसणार नाही."

"बरं," एल्स्पेथ म्हणाली.

सकाळी आठला तिनं फोन लावला. पलीकडच्या मुलीनं नोंदीतली चूक नेमकी काय, असं विचारलं.

"चूक नाही," एल्स्पेथ म्हणाली. "मी खोटं सांगितलं होतं. आता लिही."