एकट्याकडचा पासवर्ड

त्या दिवशी अप्पांचं वर्षश्राद्ध होतं, पहिलंच, आणि मी त्यांचा एकुलता एक मुलगा. चेन्नईजवळ तांबरमच्या घरी अम्मा पहाटेपासून स्वयंपाकात होती. वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, अकराला येणार होते. आंघोळ उरकून मी सहज नजर टाकायला म्हणून लॅपटॉप उघडला. ही माझी जुनी खोड.

इरुंगाट्टुकोट्टैतल्या एका कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळतो. बाहेरचं कुणीतरी त्यात शिरू पाहत होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. फायरवॉलमध्ये दोन ओळी लिहायच्या: आधी कारखान्याला आणि मला आत येऊ दे, मग बाकी सगळ्यांना अडव. घाईत मी दुसरी ओळच आधी लिहिली आणि एंटर दाबलं. फायरवॉलनं तत्काळ सगळ्यांना अडवलं, माझ्यासकट. कर्सर जागच्या जागी थिजला. असं काही करण्यापूर्वी, पाच मिनिटांत जुने नियम आपोआप परत येतील अशी सोय करून ठेवायची असते. हे मी इतरांना शिकवतो, वर न केल्याबद्दल झापतोही.

लगेच कारखान्यातून फोन आला. शिफ्टवरची इंजिनियर माझ्याच वयाची, शांत डोक्याची बाई. मालावरची लेबलं छापणं थांबलंय, फाटकात ट्रक उभे आहेत, असं तिनं तमिळमध्ये सांगितलं. आता सर्व्हरच्या समोर बसूनच ते सुटणार होतं, आणि ती त्याच्या समोरच बसली होती.

"पासवर्ड सांगा सर, मी टाइप करते. दोन मिनिटांचं काम आहे."

खरंच दोन मिनिटांचं होतं. पण तो पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. सगळं लिहून द्या म्हणून कंपनी दोन वर्षं मागे लागली होती आणि मी आज देतो, उद्या देतो करत टोलवत होतो. एकदा तो कागद त्यांच्या हातात पडला की पन्नाशीच्या माणसाला कोण विचारतंय? या भीतीपायी मी सुट्ट्या सोडल्या, घरची लग्नं सोडली, अप्पांच्या खाटेशेजारीही लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. मला कुणी कोंडलं नव्हतं. मीच आत बसून कडी लावली होती, आणि आता ती काढायचं धैर्य होत नव्हतं.

"नको," मी म्हणालो. "मीच येतो."

टॅक्सी ट्रकांच्या मागे मुंगीच्या पावलानं सरकत होती. सर्व्हर रूममध्ये मी पासवर्ड टाइप करताना त्या बाईनं न सांगता तोंड फिरवलं. तिचा तो सभ्यपणा मला झोंबला. दोन ओळी जागेवर लावल्या, लेबलं सुरू झाली, कुणीतरी कॉफी दिली. मी ती उभ्यानंच प्यायलो.

घरी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. वाध्यार थांबून थांबून दुसऱ्या घरी गेले होते. येत्या अमावस्येला करू, असं सांगून. केळीची पानं कडेला सुकायला लागली होती. अम्मानं अजून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आमच्या घरच्या जुन्या तंजावुरी मराठीत तिनं हळूच विचारलं, "तेथ दुसरं कोण्ही नव्हतं का रे?"

"नव्हतं," मी म्हणालो.

तिला ते लगेच खरं वाटलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "एकट्यावर किती टाकतात रे, कण्णा."