कॅनडाचा कप्पा

सिंगापूरला हौगांगमध्ये आमच्या ब्लॉकपासून दोन ब्लॉक सोडून एका चिनी अंकलचं किराणा दुकान होतं. तांदळाची पोती, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, झाडू, पूर्वजांसाठी जाळायचे कागद, आणि मागच्या भिंतीला एक फ्रीज, त्यात इथली नेहमीची बिअर. फ्रीजवरच्या फळीवर दोन-तीन प्रकारची व्हिस्की असायची. दर शनिवारी दुपारी मी तिथे जायचो. बँकेत अकाउंट्सला होतो तेव्हाही जायचो आणि निवृत्त झाल्यावरही जात राहिलो. शनिवारी संध्याकाळी आमच्यापैकी कुणाच्या तरी फ्लॅटवर चार-पाच मराठी मंडळी बसायची आणि बाटली बहुतेक वेळा मीच न्यायचो. आम्ही हॉलमध्ये, बायका आत. कुणाचे आईवडील पुण्याहून आलेले असले की ग्लासात काय आहे ते त्यांनी विचारायचं नाही आणि आम्ही सांगायचं नाही. सव्वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं.

मग अंकलच्या मुलीने ऑफिसातली नोकरी सोडली आणि दुकान हातात घेतलं. पोती गेली, झाडू गेले. भिंती काळ्या झाल्या, फळ्यांवर पिवळे दिवे आले आणि फ्रीजमध्ये असल्या बिअर येऊन बसल्या की नुसती नावं वाचूनच डोक्यात तिडीक जायची. पेरूची बिअर. ताडगुळाची बिअर. कसल्याशा खारवलेल्या आलुबुखाराची बिअर. शहराच्या त्या टोकाला बुकित बातोकच्या एका गाळ्यात तीन पोरं ती गाळतात म्हणे. त्यातली एक मी चाखली आणि अंकलला सरळ सांगितलं की ही नासली आहे. तो हसला आणि म्हणाला, तशीच असते. त्या माणसाने आयुष्यभर चहाशिवाय काही घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. आता तो मुलीने दिलेला एप्रन बांधून उभा असायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रत्येक बाटलीवरचं कार्ड बोट ठेवून वाचून दाखवायचा आणि वर सांगायचा, माझ्या मुलीने निवडलीय. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी पैजेवर सांगतो. तरी त्याची छाती अशी फुगलेली असायची की मला तिथून लवकर निघावंसं वाटायचं.

एका शनिवारी पाहिलं, तर व्हिस्कीची फळी खालच्या कोपऱ्यात गेली होती आणि तिच्या जागी कॅनडाच्या वाइन लागल्या होत्या. अंकलच्या मुलीने जाड कागदावर हाताने नकाशा काढून लावला होता. पूर्वेकडचं नोव्हा स्कॉशिया, मग नायगारा, आणि पार पश्चिमेला ओकानागनचं खोरं. तिथे माझी मुलगी राहते.

मुलगी इथेच वाढली, इथेच केमिस्ट्री शिकली आणि मग फूड सायन्स करायला कॅनडाला गेली. तोपर्यंत सगळं सांगण्यासारखं होतं. शिक्षण संपल्यावर तिने त्या खोऱ्यातल्या एका छोट्या वायनरीत नोकरी धरली. आधी द्राक्षं तोडायला होती, मग टाक्या धुवायला, मग वाइन बनवायला. फोनवर ती भरभरून बोलायची. हिवाळ्यात द्राक्षं मुद्दाम वेलीवर गोठू देतात आणि भल्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत ती गोठलेलीच तोडतात, त्यातून गोड वाइन होते, असलं काय काय. मी हूं हूं करायचो. मनात एकच यायचं, की सिंगापूरला आणून, ट्यूशन लावून, युनिव्हर्सिटीत घालून शेवटी पोरगी दारू गाळते. आणि हे मला शनिवारी बाटली हातात घेऊन जाताना सुचायचं, तरी त्यात काही गैर वाटायचं नाही.

लोकांना मी सांगायचो, फूड टेक्नॉलॉजीत आहे. खोटं म्हणावं तर पूर्ण खोटं नव्हतं. आमच्या सौ.नेही कधी मोडता घातला नाही, ती फक्त विषय बदलायची.

चार वर्षांपूर्वी मुलगी गणपतीला आली होती. मंडळाच्या कार्यक्रमात आरती झाली, आम्ही प्रसादाच्या रांगेत उभे होतो. आमच्या शनिवारच्या बैठकीतले एक गृहस्थ तिथे भेटले. सेरंगूनला राहतात, तेही बँकेतच होते. त्यांनी तिला विचारलं, सध्या काय करतेस. ती म्हणाली, वाइन बनवते. मोकळेपणाने म्हणाली, जणू शाळेत शिकवते म्हणावं. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मोठ्याने हसलो. म्हटलं, अहो चेष्टा करतेय, फूड टेक्नॉलॉजीत आहे ती. ते हसले, त्यांची बायकोही हसली. मुलगी हसली नाही. तिने हातातला प्रसादाचा द्रोण आईकडे दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. ती दोन दिवस आधीच परत गेली. त्यानंतर ती फोन आईलाच करायची. मी खोलीत आलो की दोघींचं बोलणं आटपायचं. माझ्यापर्यंत यायचं ते एवढंच, की तुम्हाला बरं आहे ना असं विचारत होती.

मी माफी मागितली नाही. कशाची मागायची, हेच मला दोन वर्षं कळलं नाही, आणि कळलं तेव्हा फार उशीर झालाय असं मीच ठरवून टाकलं. ते सोयीचं होतं.

तर त्या कप्प्यापुढे उभं राहून मी एकेक बाटली फिरवून मागची चिठ्ठी वाचायला लागलो. चौथी बाटली तिच्या वायनरीची निघाली. मी ती घेतली, व्हिस्की घेतली नाही. सौ. देवळात गेली होती. दुपारी एकटाच बसून अर्धा ग्लास घेतला. वाइनमधलं मला काही कळत नाही. पण हे माझ्या मुलीच्या हातून झालं आहे, हे मनात आलं आणि मी ग्लास खाली ठेवला. बाटली मी कपाटात कपड्यांमागे ठेवली.

दोन आठवड्यांनी गल्ल्याजवळ एक छापील कार्ड दिसलं. पुढच्या शनिवारी दुपारी चार वाजता ओकानागनच्या वाइनची चव घेण्याचा कार्यक्रम, बनवणारी स्वतः येणार. खाली फोटो होता. केस कापलेले, हातात ग्लास, अंगात जाड जाकीट. माझी मुलगी सिंगापूरला येणार होती आणि मला ते दुकानातल्या कार्डावरून कळत होतं. अंकलने कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, नक्की ये, इंडियन लेडी आहे.

आठवडाभर मी मूग गिळून बसलो. सौ.ला सांगितलं नाही, कारण मला वाटलं, पोरगी इथवर येऊन आईलाही कळवत नाही हे तिला सोसणार नाही. मनातल्या मनात मी वाक्यं जुळवत होतो. शेवटी एकच पक्कं केलं. दुकानात शिरायचं, अंकलला सांगायचं, ही माझी मुलगी. बाकी काही नाही. मग पुढे ती बोलेल, मी बोलेन, आणि संध्याकाळी आम्ही दोघं घरी येऊ. एवढ्यावर सगळं सुधारेल अशी माझी खात्री होती. शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. कुठे निघालात, असं सौ.ने विचारलं. म्हटलं, नेहमीचंच. तिने शर्टाकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

दुकानात पंधरा-वीस माणसं होती. टेबलामागे ती उभी होती, समोर पाच बाटल्या. पोरं ओळीने ग्लास पुढे करत होती आणि ती प्रत्येकाला सांगत होती, हे द्राक्ष कुठलं, ही माती कसली. ती इतकं छान बोलत होती की मी दारातच थांबलो. बँकेत तीस वर्षं काढून माझं कधी कुणी असं ऐकलं नाही. तिचं बोलणं संपूच नये असं वाटलं. अभिमान म्हणतात ते हेच असावं. तिने मला पाहिलं. बोलणं थांबवलं नाही, पण ग्लासात ओतायची बाटली क्षणभर तशीच तिरकी राहिली.

अंकल धावत आला, माझा दंड धरून टेबलापाशी घेऊन गेला. मी तोंड उघडणार एवढ्यात खांद्यावर थाप पडली. सेरंगूनचे गृहस्थ. बरोबर त्यांची बायको. अरे वा, तुम्हीही इथे, असं म्हणत ते माझ्याशेजारी उभे राहिले. तिला त्यांनी ओळखलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती साडीत होती, लांब केस होते.

अंकलने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तो कौतुकाने विचारत होता.

"सेम प्लेस आह? यू नो हर?"

तिने बाटली टेबलावर ठेवली. ती माझ्याकडे पाहत होती. आठवडाभर घोकलेलं वाक्य तीन शब्दांचं होतं. बाजूला ते गृहस्थ ग्लास हातात धरून उभे होते, आणि मला एकदम दिसलं की ते आज संध्याकाळी बैठकीत हे सांगणार. फूड टेक्नॉलॉजीचं काय झालं, असं हसून विचारणार.

"सेम कम्युनिटी," मी म्हणालो.

अंकलला तेवढं पुरलं. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मुलीने माझ्यापुढे ग्लास ठेवला, बेताचं ओतलं आणि इंग्रजीत सांगायला लागली. हे रिसलिंग. लिंबाचा वास येईल, मग थोडं सफरचंद. सरांनी आधी वास घ्यावा, मग घोट. ती मला सर म्हणाली. मी सांगितलं तसं केलं. छान आहे, असंही म्हणालो. गृहस्थांनी दोन बाटल्या घेतल्या, मला संध्याकाळी भेटूच म्हणाले आणि निघून गेले.

ते गेल्यावर माझी जीभ सुटली. टेबलाच्या कडेला जाऊन मी हळूच मराठीत म्हटलं, घरी चल. आईला बरं वाटेल. तिने फडक्याने टेबल पुसलं. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. आवाजही चढवला नाही.

"कोण म्हणून येऊ, बाबा?"

मी काहीतरी म्हणालो असेन. असं काय करतेस, किंवा लोक होते म्हणून, असलंच काहीतरी. एक जोडपं ग्लास पुढे करून उभं होतं. ती त्यांच्याकडे वळली आणि पुन्हा पहिल्या बाटलीपासून सुरुवात केली. पलीकडे अंकलची मुलगी बिल करत होती आणि अंकल तिच्यासाठी पाण्याची बाटली उघडून देत होता. मी कुणाचा निरोप न घेता बाहेर पडलो.

त्या संध्याकाळी मी बैठकीला गेलो नाही. घरी आलो तेव्हा सौ. हॉलमध्ये बसली होती. टीव्ही बंद, हातात काही नाही. मी बूट काढता काढताच सांगून टाकलं की मुलगी सिंगापुरात आहे, आपल्याला न कळवता आली आहे. मला वाटलं, ती कोसळेल. ती म्हणाली, माहीत आहे. तीन वर्षं झाली, दर वर्षी कामासाठी येते. देवळात जाते असं सांगून मी तिच्या हॉटेलवर जाते. कालही आम्ही बरोबर जेवलो.

मला राग आला. राग यायला मला कारण लागत नाही, आणि त्या क्षणी तर ते हातातच होतं. मी विचारलं, मला अंधारात ठेवायची काय गरज होती. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, दर वर्षी कार्यक्रम शहरात मोठ्या हॉटेलात होतात. हौगांगच्या या दुकानाचं मीच सुचवलं. तुम्ही दर शनिवारी तिथे जाता म्हणून. पोरगी तयार नव्हती. मी म्हटलं, तू काही बोलू नकोस, ते काय म्हणतात ते बघ.

मी सोफ्यावर बसलो. खाली लिफ्टच्या दाराचा आवाज येत होता, कुणाची तरी पोरं ब्लॉकखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर चेंडू आपटत होती.

"मग काय म्हणालात?" तिने विचारलं.

फिरवून सांगता आलं असतं. सव्वीस वर्षं तेच केलं होतं. पण तिला फोनवर कळणारच होतं, म्हणून मी घडलं तसं सांगितलं, ते दोन शब्दही सांगितले. सौ. भांडली असती तर मी भांडलो असतो, आम्हाला सवय आहे. ती उठली आणि तिने चार्जरवरचा फोन काढून घेतला.

"पुढच्या वर्षी दुसरं दुकान बघ म्हणून सांगते तिला," ती म्हणाली आणि आत गेली.