तिच्या हातातला लाडू
मुलगी तिसरीत असताना, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, माझ्या थोरल्या जाऊबाईंनी त्यांच्या मुलुंडच्या घरी तिच्या हातातला तिळाचा लाडू काढून घेतला. घरभर भाजलेल्या तिळांचा वास होता; तोच आज शेजारून आला. मुलीला एडीएचडी आहे, लक्ष एका जागी ठरत नाही, सतत चळवळ. त्यावरच्या गोळीने तिची दुपारची भूक मरायची, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं की संध्याकाळी भूक लागली की पोटभर द्या. अंडं, शेंगदाणे, तीळ, काहीही. त्या दिवशी सकाळच्या दुधानंतर तिने पहिल्यांदाच आपणहून काही उचललं होतं. "गुळानेच तर अंगात येतं हिच्या," जाऊबाई जमलेल्या बायकांना म्हणाल्या आणि मग माझ्याकडे वळल्या, "यूट्यूबवर बघ ना जरा. गोड बंद कर, गोळ्या लागणारच नाहीत." तिच्या हातावर त्यांनी काकडीची फोड ठेवली. मी म्हणाले, "वहिनी, तो लाडू तिला परत द्या. आत्ता." "अगं, आज तरी गोड बोल!" कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. मी तिला घेऊन निघाले. घरी वरणभात कालवला, अंडं उकडलं. तिने कशालाच तोंड लावलं नाही. आता ती कॉलेजात आहे. कुणी खायला पुढे केलं, की ती आधी विचारते, "मी घेतलं तर चालेल ना?"