सारिका नावाचं मशीन

सारिका मुलाखतीला आली आणि खुर्चीत बसलीच नाही. "वहिनी, आधी मशीन दाखवा," म्हणाली आणि शेडमधल्या ब्लोअरखाली सरळ उताणी शिरली. ट्रॅक्टरमागे जोडून द्राक्षबागेत औषध फवारायचे ब्लोअर आम्ही बनवतो. कारखाना माझ्या सासऱ्यांचा, आप्पांचा. विश्रामबागेतल्या या शेडला लागून असलेलं ऑफिस मी बघते. पंधरा मिनिटांनी ग्रीस माखलेला चेहरा बाहेर आला. "मशीन झकास हाय. पण आमच्या आईच्या उपयोगाचं न्हाई."

आप्पा तिथेच उभे होते, आणि त्यांच्यासमोर असं बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. मी तिला उभ्या उभ्या कामावर घेतलं.

तिची आई तासगावकडच्या बागांत मजुरीला जायची. तिथल्या जुन्या बागांचे मांडव बुटके. आमचा उंच ब्लोअर आत शिरला की घड झोडपून काढायचा. म्हणून बायका अजून हाताने फवारणीची नळी ओढत आणि संध्याकाळी औषधात भिजून घरी जात. सारिकाला बुटका ब्लोअर करायचा होता. साताऱ्याला डिप्लोमा करून आलेली ही सव्वीस वर्षांची पोरगी टेप आणि वही घेऊन फिरे आणि दिसेल ते मोजून लिहून ठेवी. एकदा तिने आप्पांनाच मोजलं. "आप्पा, तुमी सोता पाच फूट तीन. मग मशीन उंचच पायजे, ह्यो हट्ट कशाला?"

"मला खेळणी करायची न्हाईत," आप्पा गरजले.

"बाग वाकनार न्हाई आप्पा. मशीननंच वाकायचं."

हे भांडण रोजचं. शेडमधून तो आवाज आला की मी हातातलं काम टाकून ऐकायला धावायची. एवढी मजा त्या कारखान्यात मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. हळूहळू आप्पा हरत चालले होते, शेडमध्ये बुटका ब्लोअर आकार घेऊ लागला होता, आणि खरं सांगते, त्यांना ते आवडत होतं.

त्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. आठ दिवसांत गेली. 

सगळे करतात तेच आम्हीही करणार होतो. ऑफिसात फोटो, हार, दोन मिनिटं शांतता. आप्पा उठून उभे राहिले. "फोटो कसला लावताय? पोरीचं मशीन अर्धं पडलंय."

मग काय विचारता. दोन महिने आप्पा तिच्या वहीशी भांडत होते. टाकी खाली घेतली तर मागचं टोक खांबाला लागे, टोक आखडलं तर पंखा घडाला. शेवटी साधलं, आणि आम्ही सगळे तासगावच्या त्याच बागेत गेलो, जिथे तिची आई नळी ओढायची. ट्रॅक्टर मांडवाखाली शिरला. घड आणि पंखा यांच्यात जेमतेम वीतभर अंतर. पहिली ओळ पार. वळणावर खांब आला, आणि मशीन अलगद वळलं. एक मणी पडला नाही. मी, पन्नाशीची बाई, बांधावर उड्या मारत होते.

तिच्या आईने मशीनकडे पाहिलंच नाही. ती एकेक पान उलटून मागची बाजू बोटाने चाचपत गेली. "खालनंबी भिजलंय," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

आप्पा जवळ गेले. "ह्याला सारिकाचंच नाव देनार हाय."

"नगं, आप्पा. मशीन बंद पडलं की मानसं त्याच्या नावानं शिव्या घालत्यात. माझ्या लेकीला कुनी शिव्या घालाय नगं."

आप्पांनी मशीनवर हात ठेवला. मग म्हणाले, "मी बंद पडू देनार न्हाई. आनि पडलंच, तर शिव्या मी खाईन."

तिने होकाराने मान हलवली. आज मशीनच्या पाटीवर 'सारिका' आहे आणि खाली तक्रारीसाठी आप्पांचा स्वतःचा मोबाईल नंबर.

परवा सकाळी तो फोन वाजला. पलीकडचा शेतकरी तापलेला होता. "तुमची ती सारिका बसली की बागंत अडून. तिच्या तर..."

"थांब, गड्या," आप्पा म्हणाले. "फुडची शिवी मला दे. ऐकतोय मी."

त्यांनी ती पुरती ऐकून घेतली, पान्ह्यांची पिशवी उचलली आणि पंचाहत्तरीचा तो माणूस जीपकडे पळत सुटला.